शोकेसमधली रियोहा बाहेर काढा

परदेशी वाईनची बाटली बेळगावच्या घरात आली की तिची गत दोनपैकी एक ठरलेली. आणणारा प्रवासानं दमून आत झोपलाय तोवर बाहेर भावकी जमते, ग्लासात बर्फ पडतो, वर सोडा पडतो आणि "आंबट आहे की हो ही" म्हणून विषय मिटतो. नाहीतर ती हॉलमधल्या शोकेसमध्ये, नातवाच्या ट्रॉफीशेजारी, ट्यूबलाइटच्या उजेडात उभी राहते आणि आल्यागेल्याला दाखवली जाते. मला विचाराल तर दुसरी गत जास्त वाईट. पहिल्या घरात निदान कुणीतरी प्यायलं तरी.

उद्यमबागेतल्या कारखानदारांचं स्पेनमधल्या बिल्बाओला जाणं-येणं असतं, तिथं यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरतं म्हणून. बिल्बाओच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर आरो नावाचं गाव आहे. रियोहा हा तिथला वाईनचा मुलूख, आरो त्याचं जुनं ठाणं. त्यामुळे आमच्या ओळखीपाळखीत येणाऱ्या बाटल्यांत रियोहाची लाल वाईन बरीच. ती आली की फोन मला येतो, "काकू, हिचं काय करायचं?" दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

मलाच का विचारतात, तर माझं माहेर निपाणीचं, घरची तंबाखूची वखार. पान चुरगाळून नाकाशी न्यायचं आणि माल कितपत मुरलाय ते सांगायचं, हे अण्णांनी आम्हा पोरींनाही शिकवलं होतं. लग्न होऊन टिळकवाडीत आले, वखार मागं राहिली, नाक तेवढं बरोबर आलं. वाईनचं बाकीचं ज्ञान म्हणजे ह्यांच्याबरोबर आरोला गेले तेव्हा बघितलेलं आणि नंतर विचारून, वाचून, पिऊन जमवलेलं.

बाटलीत काय आहे

एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड पडली. मळेच्या मळे गेले, तेव्हा तिकडचे व्यापारी वाईन शोधत पिरेनीजचे डोंगर ओलांडून रियोहात उतरले. आरोला रेल्वे होती, म्हणून स्टेशनाच्या अंगाला वाईनची घराणी एकमेकांना खेटून उभी राहिली. ती आजही तिथंच आहेत. लोपेझ दे एरेदिया १८७७ चं, कूने १८७९ चं, ला रियोहा आल्ता १८९० चं.

यातलं लोपेझ दे एरेदिया अजून त्याच कुटुंबाच्या हातात आहे, चौथी पिढी बघते. एब्रो नदीच्या वळणावर त्यांचा तोंदोनिया नावाचा मळा आहे, त्यावरून त्यांच्या मुख्य वाईनला विन्या तोंदोनिया म्हणतात. तेम्प्रानियो जातीचं द्राक्ष सगळ्यात जास्त, जोडीला गार्नाचो, ग्रासियानो आणि मासुएलो. जगभर स्टीलच्या टाक्या आल्या तरी इथं रस लाकडाच्या मोठ्या पिंपांतच आंबतो. मग तो २२५ लिटरच्या, अमेरिकन ओक झाडाच्या लाकडाच्या पिंपांत जातो, आणि ही पिंपं वाईनरीतलेच कारागीर बांधतात, डागडुजीही तेच करतात. पिंपं जुनी असल्यानं लाकडाचा वास अंगावर येत नाही. पिंपात पडून असताना वरची निवळ वाईन अधूनमधून दुसऱ्या पिंपात काढायची आणि गाळ मागं ठेवायचा, असं वर्षानुवर्षं चालतं. शेवटी अंड्याचा पांढरा घालून ती निवळवतात, यंत्रानं गाळत नाहीत. तळघरात कोळ्यांची जाळी अशी लोंबतात की ह्यांनी मला मराठीत विचारलं, "इथं झाडायला कुणी येत नाही काय?" ती मुद्दाम ठेवलेली असतात. बुचं कुरतडणारे पतंग कोळी खातात.

लेबलावर तीनपैकी एक शब्द सापडेल. क्रियान्सा म्हणजे निदान दोन वर्षं ठेवलेली लाल वाईन, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. रेसेर्वा निदान तीन वर्षं, त्यातलं एक पिंपात. ग्रान रेसेर्वा निदान पाच, त्यातली दोन पिंपात. हा झाला रियोहाचा नियम. जुनं वळण सोडलेलं नाही अशी घराणी याच्या कितीतरी पुढं जातात. तोंदोनिया रेसेर्वा सहाएक वर्षं पिंपात असते. त्याच घरची बोस्कोनिया रेसेर्वा पाचएक, आणि कुबिल्यो ही त्यांची क्रियान्सा असूनसुद्धा तीनएक. ग्रान रेसेर्वा तर निवडक चांगल्या सालांचीच करतात. पिंपातून बाटलीत भरल्यावर पुन्हा काही वर्षं तळघरात ठेवतात आणि मगच विकायला काढतात.

एवढं सगळं सांगितलं ते एका गोष्टीसाठी. फ्रान्सच्या काही नामी वाईन अशा असतात की विकत घेणाऱ्यानं त्या आपल्या घरी मुरवायच्या. जुन्या वळणाची रियोहा तशी नाही. मुरवायचं काम करून, जागाभाडं सोसून त्यांनी ती तुमच्याकडं धाडलेली आहे. "जितकी जुनी तितकी भारी, लेकीच्या लग्नात उघडू" हे डोक्यातून काढा. आरोच्या थंड तळघरात ती आणखी कितीतरी वर्षं टिकली असती, पण आपल्याकडं एप्रिल येतो. आली त्या वर्षाच्या थंडीत उघडा, फार तर पुढच्या.

आणताना

परदेशातून येणाऱ्या मोठ्या माणसाला दोन लिटरपर्यंत दारू कस्टम ड्युटीशिवाय आणता येते. वाईनची बाटली ७५० मिलीची, म्हणजे दोन बाटल्या बसतात आणि तिसरी वर जाते. विकत घेतल्याची पावती फेकू नका. गोव्याला मोपा विमानतळावर उतरून चोर्ला घाटानं घरी येणार असाल तर राज्याची हद्द ओलांडता आणि कणकुंबीच्या नाक्यावर गाडी बघू शकतात. पावती, बोर्डिंग पास हाताशी असू द्या आणि निघायच्या आधी अबकारी खात्याचा त्या वेळचा नियम विचारून घ्या. बेंगळुरूला उतरलात तर हा प्रश्न येत नाही.

मे महिन्यात मात्र डिकीत ठेवू नका. घाट चढेपर्यंत डिकी तापते, आतली वाईन फुगते आणि बूच वर ढकलते. सीटखाली, टॉवेलात गुंडाळून आणा. घरी आल्यावर गळ्याशी बोट फिरवून बघा. चिकट लागलं किंवा झाकणाखाली बूच वर आल्यासारखं वाटलं तर बाटलीनं ऊन खाल्लंय. अशी बाटली ठेवायची नाही, त्याच आठवड्यात उघडायची.

ठेवताना

बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे कोल्हापूर-सांगलीपेक्षा आपलं बरं चालतं. शहापूर, वडगाव किंवा खानापूरकडं जुनं मातीच्या भिंतींचं घर असेल तर माजघराचा अंधारा कोपरा उत्तम. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर ठेवू नका, स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतो. खालच्या मजल्यावर उत्तरेकडच्या खोलीत, कपाटाच्या अगदी तळाशी, आडवी ठेवा. आडवी अशासाठी की बूच ओलं राहतं. सुकलं की आकसतं आणि हवा आत जाते. फ्रिजच्या डोक्यावर ठेवणारी घरं मी बघितली आहेत. तिथं उष्णताही आहे आणि थरथरही.

फ्रिजमध्ये ठेवावी का, हे सगळे विचारतात. एरवी नको, पण एप्रिल-मेमध्ये घरात पस्तीस डिग्री असेल तर भाजीच्या खणात आडवी ठेवलेली बरी. पावसाळ्यात लेबलाला बुरशी धरते, तिनं वाईनला काही होत नाही. लेबल जपायचंच असेल तर बाटली प्लास्टिकमध्ये गुंडाळा. काही जुन्या घराण्यांच्या बाटल्यांवर, उदाहरणार्थ मार्केस दे रिस्कालच्या, सोनेरी तारेची जाळी असते. रिकाम्या बाटलीत भलतंच भरून कुणी विकू नये म्हणून ती पूर्वी घातली. आता शोभेची आहे, उघडताना वरून कापून टाका.

उघडताना

आदल्या दिवशी बाटली उभी करा. पिंपातच इतक्या वेळा निवळलेली असल्यानं रेसेर्वात गाळ थोडा असतो, ग्रान रेसेर्वात जास्त. तो तळाशी बसायला एक रात्र लागते.

लाल वाईन "रूम टेम्परेचरला" प्यावी असं कुठंतरी वाचून लोक अठ्ठावीस-तीस डिग्रीची वाईन ओततात. ते टेम्परेचर युरोपातल्या दगडी घरांचं. आपल्याला सोळा ते अठरा डिग्री हवी. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री खोलीच जवळपास तेवढी असते, काही करावं लागत नाही. एरवी तासभर फ्रिजमध्ये उभी ठेवा. ग्लासात ती लगेच दोन डिग्री चढते, तेव्हा थोडी जास्त गार असली तरी चालेल. कोमट असली तर दारू तेवढी नाकात जाते, बाकी काही कळत नाही.

बूच काढणं हे खरं जोखमीचं काम. इतकी वर्षं ओलं राहिलेलं बूच मऊ पडलेलं असतं. लिव्हरचं स्वस्त ओपनर ओढतं जोरात आणि बूच मधोमध तुटतं. लांब स्क्रूचं साधं, वेटरच्या खिशात असतं ते ओपनर घ्या. स्क्रू मधोमध सरळ उतरवा, सावकाश, शेवटचा इंच हातानं हलवत काढा. दोन पात्यांचं ओपनर मिळालं तर जुन्या बुचाला त्याच्यासारखं काही नाही. पाती बुचाच्या दोन बाजूंनी आत सरकवायची आणि पिळत वर घ्यायची. ग्रान रेसेर्वावर लाखेचं सील असेल तर ठोकून फोडत बसू नका, तुकडे वाईनमध्ये पडतात. स्क्रू लाखेतूनच खाली घाला, बूच अर्धं वर आलं की कडेचे कण ओल्या फडक्यानं पुसा, मग पूर्ण काढा.

आणि तुटलंच तर? उरलेला तुकडा आत ढकला आणि वाईन स्वच्छ मलमलीच्या फडक्यातून ओता. चहाची गाळणी वापरू नका, ती कितीही धुतली तरी चहाचीच असते. फडकंही नीळ किंवा साबणाचा वास नसलेलं हवं.

कशात ओतायची, तर काचेच्या जगमध्ये. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात अजिबात नाही, वाईनमधलं आम्ल धातूला लागतं. मोबाइलचा टॉर्च बाटलीच्या गळ्याखाली धरायला मुलाला उभा करा आणि एका धारेत, न थांबता ओता. गळ्याशी गढूळ रेघ दिसली की थांबायचं. रेसेर्वाला मी बहुतेक वेळा जग वापरतच नाही. तासभर आधी बूच काढते, थोडी ग्लासात घेऊन चाखते आणि ठरवते. अंग चोरून असेल तर जगमध्ये घालते, बोलायला लागलेली असेल तर बाटलीतच राहू देते. वीस-पंचवीस वर्षांपुढची असेल तर जग नकोच. ती उघडल्यावर खुलते तशी मावळतेही लवकर.

वास घेताना

इथं जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या भागातल्या माणसाला ही वाईन कळायला पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा सोपी जाते असं माझं मत आहे.

ग्लास मोठा, वर निमुळता घ्या आणि एक तृतीयांशच भरा. उरलेली जागा वासासाठी असते. आधी रंग बघा. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला की कडेला कौलासारखा, विटकरी रंग दिसेल. तो मुरल्याचा रंग, खराबीचा नाही. नवी वाईन जांभळट असते, ही कधीच नसणार.

पहिला वास बहुधा सुक्या खोबऱ्याचा येतो. तो अमेरिकन ओकचा गुण, फ्रेंच ओकमध्ये तो इतका नसतो. मागून सुकं अंजीर, वाळलेली चेरी, थोडी व्हॅनिला. मग ग्लास फिरवा आणि थांबा. अथणीच्या चांभारवाड्यात नव्या चपलांच्या ढिगापाशी उभं राहिलं की येतो तो कातड्याचा वास येतो का बघा. आणि त्याच्याही मागं मुरलेली तंबाखू. धूर नव्हे, वखारीतली, गोडसर, किंचित मधाळ. परदेशी पुस्तकांत या वाईनविषयी "लेदर, टोबॅको" असं छापलेलं असतं आणि वाचणारा मान डोलावतो. निपाणी-अथणीच्या माणसाला तिथं कल्पना करावी लागत नाही.

बिघडलेली कशी ओळखायची तेही सांगते, कारण लोक चांगली वाईन "वास येतोय" म्हणून ओततात आणि बिघडलेली "परदेशी आहे" म्हणून पितात. भिजलेलं पोतं किंवा बुरशी लागलेला पुठ्ठा असा वास आला आणि फळाचा वास अजिबात नसला, तर बूच खराब होतं. तो वास थांबून जात नाही, उलट वाढतो. नाकात झोंबणारा व्हिनेगरचा वास हीही खराबीच. मात्र उघडल्या-उघडल्या थोडा कोंदट वास आला तर पंधरा मिनिटं थांबा. तळघरातली इतकी वर्षं एका मिनिटात जात नाहीत.

चव घेताना पहिला घोट आंबट लागेल. लागू दे. रियोहाच्या जुन्या घराण्यांची वाईन आंबटपणावरच इतकी वर्षं तगते. दुसऱ्या घोटाबरोबर काहीतरी खा, मग बोला.

खाताना

आपण घोळ करतो तो इथंच. कांदा-लसूण चटणीतलं सुकं मटण आणि ही वाईन एकत्र आली की दोन्ही वाया. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात आणि तोंडात नुसती आग उरते. संकेश्वरी मिरची त्या दिवशी डब्यातच राहू दे.

रियोहात द्राक्षवेलीच्या वाळक्या काड्यांवर कोकराच्या चापा भाजतात, वर मीठ, बस्स. आपल्याकडं बोकडाच्या चापा लसूण, मिरपूड आणि मीठ लावून तव्यावर किंवा निखाऱ्यावर करा. पांढरा रस्सा चालतो, मिरपूड बेतानं घातली तर फारच छान चालतो. पण मी बहुतेक वेळा करते ते त्यांच्याकडचे बटाटे, कारण बेळगावला बटाट्याची ददात नाही आणि मिरचीही आपल्या राज्यातलीच सापडते. रियोहाच्या लोकांची वाळवलेली लाल मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य असते. आपली ब्याडगी त्याच स्वभावाची. सात-आठ ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात भिजवा आणि वाटा. कांदा-लसूण तेलात मऊ होऊ द्या, वाटण घाला, तमालपत्र घाला. बटाटा सुरीनं अर्धा कापायचा आणि उरलेला मोडायचा. मोडलेल्या कडेतून पिठूळपणा सुटतो आणि रस आपोआप दाट होतो. पाणी, मीठ, मंद आच. ते त्यात डुकराच्या मांसाचं चोरिसो घालतात. त्या जागी गोव्याचं चोरीस घालू नका, त्यातलं व्हिनेगर आणि तिखट वाईनला जगू देत नाही. शिजवलेल्या मटणाचे तुकडे घाला. शाकाहारी घरात पावसाळ्यात खानापूरकडून अळंबी येतात, त्या तेलावर परतून घाला. एरवी बाजारातले मशरूम.

भाजलेल्या वांग्याचं भरीतही जमतं, हिरवी मिरची वगळून. खारे शेंगदाणे जमतात. कुंदा आणि मांडे जमत नाहीत. गोडावर ही वाईन नुसती आंबट लागते, म्हणून कुंदा बाटली संपल्यावर काढा.

एका बाटलीत सहा जणांना एकेक ग्लास होतो, आणि सहा जण पुरे. अल्कोहोल तेराएक टक्के असतं, म्हणजे पेग मोजायचा हिशेब इथं लागत नाही, पण गाडी चालवणाऱ्यानं घ्यायची नाही. घरात कुणाचा उपास, श्रावण, वारकरी माळ असेल तर त्यांना "नुसती चाखून बघा की" करू नका. बाटली संक्रांतीनंतरही तितकीच चांगली राहते.

उरली तर बूच परत लावा आणि फ्रिजमध्ये उभी ठेवा. ही वाईन पिंपातच सावकाश हवा खात मोठी झालेली, त्यामुळे दोन-तीन दिवस तरी मान टाकत नाही. दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागली असं सांगणारे मला भेटलेत आणि रेसेर्वाच्या बाबतीत ते खोटं नाही. प्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा. तळाचा बोटभर गढूळ भाग मात्र कुणाच्या ग्लासात ओतू नका. तो फडक्यातून गाळून दुसऱ्या दिवशीच्या मटणात, कांदा लाल झाल्यावर, रस्सा घालायच्या आधी घाला आणि मिनिटभर उकळू द्या.